चार रात्री समुद्रावर, आणि हाताला काम नाही

वाचकाचे पत्र

“मी सोलापूरचा, वय ६६. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. चाळीस वर्षे मीच तो चालवला आणि आता मुलाच्या हाती दिला आहे. पुण्याच्या मुलीने आणि जावयांनी येत्या फेब्रुवारीत मुंबईहून लक्षद्वीपमधल्या अगत्तीला जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर आम्हा दोघांचेही बुकिंग केले आहे. सोबत दहा वर्षांचा नातू आहे. चार रात्री, आणि त्यांत दोन अख्खे दिवस नुसते पाणी. मी दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, मला नाचता येत नाही, पोहता येत नाही. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरून आलो आणि नऊपर्यंत पेपर वाचून झाला की घरातसुद्धा मला दिवस खायला उठतो. दुष्काळी मुलखातल्या माणसाला समुद्राचे काय? पाहुण्यांकडे गेलो तर दुसऱ्या दिवशी उठून येता तरी येते. इथे तेही नाही. सौभाग्यवती फार आनंदात आहे आणि माझा उतरलेला चेहरा पाहून तिचा विरस होईल, ही माझी खरी भीती आहे. कंटाळा येऊ नये म्हणून काय करावे?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची भीती निराधार नाही, आणि ‘एकदा बोटीवर पाय ठेवलात की आपोआप रमाल’ असे सांगून मी ती उडवून लावणार नाही. बोटीवर कंटाळणारी माणसे असतात, आणि ती बहुधा तुमच्यासारखीच कामाची माणसे असतात. करमणुकीची तिथे वाण नसते. रोज रात्री रंगमंचावर कार्यक्रम असतो; दिवसभर अंताक्षरी, प्रश्नमंजूषा, हौजी, जादूचे प्रयोग, पाककृतींची प्रात्यक्षिके, मुलांचे खेळ असे काही ना काही मध्यरात्रीपर्यंत चालूच राहते. एवढे असूनही ज्याला करमत नाही, त्याच्यापुढे आणखी चार कार्यक्रम ठेवल्याने काही साधत नाही.

पत्रात तुम्हाला काय काय येत नाही हे तुम्ही सविस्तर लिहिले आहे, आणि चाळीस वर्षे कारखाना चालवल्याचे मात्र एका वाक्यात उरकले आहे. मला उत्तर त्या वाक्यात दिसते. ज्याचा दिवस चाळीस वर्षे कामगारांच्या पाळ्यांवर, सुताच्या भावावर आणि मागांच्या आवाजावर चालला, त्याला दुसऱ्याने केलेली करमणूक तासभर पुरते. त्यानंतर त्याचे हात काम शोधू लागतात. म्हणून तुम्ही बोटीवर जाताना स्वतःला एक काम नेमून घ्या. ते रोज ठरलेल्या वेळी करायचे असावे, त्याची नोंद ठेवता यावी आणि ते फक्त समुद्रावरच करता येण्यासारखे असावे. मी सुचवीन ते काम म्हणजे प्रवासाची नोंदवही. जाड पुठ्ठ्याची, रेघांची एक साधी वही नवी पेठेतून घ्या, दोन पेने घ्या, आणि नातवाला आपला मदतनीस नेमा.

नोंदी कशाच्या करायच्या, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण समुद्राकडे नुसते बघत बसणे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे यांत कंटाळ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

पहिली नोंद बोट धक्का सोडते तेव्हाची. मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअर या धक्क्यावरून बोट निघताना बहुतेक प्रवासी जेवणाच्या दालनात किंवा आपापल्या खोलीत सामान लावण्यात गुंतलेले असतात. तुम्ही मात्र वरच्या डेकवर कठड्याशी उभे राहा. बंदराच्या वाटा, गाळ आणि भरती-ओहोटी यांची माहिती असलेला बंदराचा पायलट त्या वेळी कप्तानाला मार्ग सांगत असतो, आणि खुल्या समुद्राशी आल्यावर तो दोरीच्या शिडीने बोटीच्या कुशीवरून उतरून चालत्या छोट्या लाँचवर जातो. हे काम पाहण्यासारखे असते आणि ते काही मिनिटांत संपते, म्हणून ते चुकवू नका. कुलाब्याच्या दक्षिण टोकाशी समुद्रात १८७५ सालचे प्रॉन्ग्ज रीफचे दीपगृह आहे, आणि आणखी दक्षिणेला, डाव्या हाताला, खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्याचे बांधकाम इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधाला न जुमानता पुढे रेटले, तो हा किल्ला. तिथेही १८६७ सालचे दीपगृह आहे. अंधार पडला असेल तर किल्ला दिसणार नाही, पण दिवा दिसेल. प्रत्येक दीपगृहाच्या दिव्याची उघडझाप वेगळ्या अंतराने होते आणि खलाशी त्यावरूनच ते ओळखतात. दोन झोतांमध्ये किती सेकंद जातात, हे नातवाला मोजायला लावा आणि आकडा वहीत लिहा.

दुसरी नोंद पाण्याच्या रंगाची. मुंबईजवळचे पाणी गाळामुळे मातकट असते. किनाऱ्यापासून दूर जावे तसे ते हिरवट होते, आणि उथळ सागरतळाची पट्टी संपून खोल समुद्र लागला की गडद निळे. अगत्तीच्या खाजणात (लगूनमध्ये), जिथे पांढऱ्या प्रवाळी वाळूवर उथळ पाणी आहे, तिथे तेच पाणी फिकट निळसर-हिरवे दिसते. आयुष्यभर सुताच्या रंगछटा पारखलेल्या डोळ्यांना हे बदल इतरांपेक्षा आधी कळतील, याची मला खात्री आहे. दर दोन तासांनी एक ओळ लिहिली तरी पुरे.

तिसरी नोंद वाऱ्याची. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याचा जोर शिडांवरच्या परिणामावरून ठरवण्याची श्रेणी तयार केली. ० ते १२ अशी ती आजही वापरात आहे, आणि आता समुद्रावर आकडा पाण्याच्या रूपावरून ठरवतात. ० म्हणजे पूर्ण शांत. ३ ला लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. ५ ला तो सगळीकडे दिसतो. १२ म्हणजे चक्रीवादळ. फेब्रुवारीत अरबी समुद्र बहुधा शांत असतो, त्यामुळे तुमच्या वहीत लहानच आकडे येतील. इथे एक काळजी घ्यावी लागते. डेकवर तोंडावर येणाऱ्या वाऱ्यात बोटीचा स्वतःचा वेगही मिसळलेला असतो, म्हणून श्रेणी ठरवताना वारा अंगाला किती लागतो यावर न जाता पाण्याकडे पाहावे.

आणि मग आकाश. शहराच्या दिव्यांत आणि धुळीत जे हरवते, ते समुद्रावर क्षितिजापर्यंत मोकळे मिळते. हाताची मूठ समोर लांब धरली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते, आणि तेवढेच उपकरण तुम्हाला लागेल. फेब्रुवारीत संध्याकाळी उशिरा वायव्येला शर्मिष्ठा हा तारकासमूह आणि ईशान्येला वर येणारे सप्तर्षी शोधा. त्यांच्या मधल्या भागात, उत्तरेला, ध्रुवतारा आहे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळजवळ आपल्या अक्षांशाएवढी असते. मुंबई १९ अंशांच्या आसपास आहे, म्हणून पहिल्या रात्री तो क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसेल. अगत्ती ११ अंशांहून किंचित खाली आहे, म्हणून तिथे तो एका मुठीपेक्षा थोडाच वर राहील. त्याच वेळी दक्षिणेकडे, रात्री नऊच्या सुमारास, अगस्त्य तारा पाहा: मुंबईला तो दोन मुठींहून कमी उंचीवर, तर अगत्तीला अडीच मुठींच्याही वर. पृथ्वी गोल असल्याचे आपण शाळेत पाठ केलेले असते; इथे आजोबा आणि नातू ते स्वतःच्या मुठीने मोजून पाहतील. एक अंश अक्षांश म्हणजे ६० सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मुंबई ते अगत्ती हा फरक सुमारे ८ अंशांचा आहे, म्हणजे ९०० किलोमीटरच्या आसपास; सोलापूर ते मुंबई रेल्वेने जेवढे अंतर, त्याच्या जवळजवळ दुप्पट. नातवाने ध्रुवाच्या घसरणीवरून हे अंतर काढावे आणि दुसऱ्या दिवशी खोलीतल्या टीव्हीवरच्या नकाशाशी ताडून पाहावे. अनेक बोटींवर त्या नकाशात बोटीची जागा आणि वेग दाखवलेला असतो.

यासाठी डेकवरची अंधारी जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा, कारण बोटीवर दिव्यांचा झगमगाट फार असतो. प्रवासाच्या तारखांना कोणती तिथी आहे, हे पंचांगात आताच पाहा. अमावास्येच्या जवळ असाल तर ताऱ्यांची रात्र मिळेल, पौर्णिमेच्या जवळ असाल तर पाण्यावरचे चांदणे. त्याप्रमाणे वहीची पाने आखता येतील.

रात्री दूरवर दुसरी जहाजेही दिसतील. जहाजाच्या डाव्या बाजूला तांबडा दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. त्यामुळे तांबडा दिसला तर ते जहाज तुमच्या डावीकडे चालले आहे आणि हिरवा दिसला तर उजवीकडे, हे अंधारातही सांगता येते. दिवसा किनारा केव्हा दिसेनासा झाला याची वेळ लिहा. डोळा पाण्यापासून २५ मीटर उंचीवर असेल तर क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला ३.६ ने गुणले की हे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सकाळी खालच्या डेकवरून, बोटीने कापलेल्या लाटेच्या कडेला पाहत राहिलात तर उडणारे मासे दिसण्याची शक्यता असते. डॉल्फिनचे सांगता येत नाही, पण पाहणाऱ्याला दिसतात, हे खरे.

आता एक गोष्ट, जी ठाऊक नसल्यामुळे अनेकांची सहल पहिल्याच दिवशी बिघडते. बोट लागणे म्हणजे मळमळ आणि उलटी, एवढेच आपण समजतो. पण मळमळ अजिबात न होताही केवळ संथ हेलकाव्यांमुळे माणसाला मरगळ, झोपाळूपणा आणि कशातच रस न वाटणे असे होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. अशा माणसाला वाटते की आपल्याला कंटाळा आला आहे. मग तो खोलीत जाऊन पडतो, आणि बंद खोलीत पडल्याने ती मरगळ वाढते. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला सगळेच नकोसे वाटू लागले, तर तो स्वतःचा स्वभाव आहे असे मानू नका. उघड्या डेकवर, बोटीच्या मधल्या भागात जा, क्षितिजावर नजर ठेवा, थोडे चाला, आले चघळा आणि वाचन किंवा मोबाइल तेवढ्यापुरता बाजूला ठेवा. शरीर बहुधा एक-दोन दिवसांत सरावते. मळमळीच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा दुसरी कोणती औषधे चालू असतील तर. त्यांतल्या कित्येक गोळ्यांनी झोप येते, आणि झोपेत घालवलेला दिवस पुन्हा कंटाळ्यातच जमा होतो. खोल्यांचे वाटप अजून व्हायचे असेल तर जावयांना सांगून खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची खोली मागून घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. खिडकी नसलेली खोली मिळाली तर दिवस उजाडल्याचे आत कळत नाही, म्हणून पहाटेचा गजर लावा. पहाटे फिरण्याची तुमची सवय तिथे मोडू देऊ नका. चालण्यासाठी डेकवर आखलेला मार्ग बहुधा असतोच, आणि सूर्योदयाच्या वेळी तिथे गर्दी नसते.

जेवणाबद्दल थोडक्यात. बुफेमध्ये दिवसभर काही ना काही मांडलेले असते आणि दुपारची सुस्ती त्यातूनच येते, म्हणून घरच्या वेळा पाळा. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर शाकाहारी जेवणाची अडचण नसते, जैन जेवणही मिळते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत नेण्याचा विचार असेल, तर बाहेरचे खाद्यपदार्थ चालतात का, हे आधी कंपनीला विचारून घ्या.

कार्यक्रमांचा कागद रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी खोलीत येतो किंवा दर्शनी भागात लावलेला असतो. तो वाचताना पेनाने खुणा करा, पण खुणा दोनच असाव्यात, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एकाच संध्याकाळी सगळ्या पाळण्यांत बसणारा माणूस जसा शेवटी नुसता दमून घरी येतो, तशी कागदावरचा प्रत्येक कार्यक्रम गाठणाऱ्या प्रवाशाची गत होते. प्रश्नमंजूषा तुम्ही जरूर खेळा. रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला तिथे मान मिळतो. रात्रीचा रंगमंचावरचा कार्यक्रमही पाहा. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटके पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यातले नाट्य कदाचित कमी वाटेल, परंतु हलत्या बोटीवर नर्तक तोल कसा सांभाळतात आणि नेपथ्य जागच्या जागी कसे बांधून ठेवलेले असते, हे बघण्याजोगे आहे. जुगाराच्या दालनात जाण्याची कोणाचीच सक्ती नसते, तेव्हा ती चिंता सोडून द्या. पत्त्यांचा एक जोड मात्र घरून घ्या. बदाम सात आणि मेंढीकोट नातवाला शिकवायला यापेक्षा चांगली दुपार मिळणार नाही.

तुमच्या धंद्याचा विषय तर खोलीतच हजर असेल. बोटींवर खोली आवरणारे कर्मचारी टॉवेलच्या घड्या घालून हत्ती, माकड, हंस असे प्राणी करून पलंगावर ठेवतात. हा टॉवेल बाकीचे प्रवासी फोटो काढून बाजूला टाकतील. तुम्ही तो उलगडून पाहाल. लूप किती उंच आहे, किनारीची शिलाई कशी आहे, शेकडो धुलाया होऊन जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) किती उरला असेल, पोहण्याच्या तलावाकाठचा टॉवेल आणि न्हाणीघरातला टॉवेल यांत काय फरक ठेवला आहे, या सगळ्याची नोंद वहीच्या मागच्या पानांवर करा. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्या गावच्या कारखानदाराने बोटीवरच्या कापडाची पारख करून आणली, तर मुलालाही तिचा उपयोग होईल. खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच्या कामाच्या घाईत अडवू नका. त्याला सवड केव्हा असते, हे विचारून मग बोला. घरापासून महिनोन् महिने दूर राहणारी ही माणसे असतात, आणि आपल्या कामाबद्दल कोणी जाणकारीने विचारले तर ती आनंदाने सांगतात. नातवाला त्याच्याकडून हत्ती करायला शिकू द्या. स्वयंपाकघर किंवा पडद्यामागचे विभाग दाखवणारी फेरी काही बोटींवर असते. चौकशीच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी विचारा, कारण जागा थोड्या असतात. सुकाणूकक्षात मात्र सुरक्षेच्या नियमांमुळे सहसा सोडत नाहीत.

आणि पाणी. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथल्या माणसाने बोट आपले गोडे पाणी कसे तयार करते हे समजून घेतल्याशिवाय परत येऊ नये. समुद्राचे पाणी इंजिनाच्या उष्णतेवर उकळून त्याच्या वाफेपासून, किंवा मोठ्या दाबाने बारीक पडद्यातून गाळून, बोटीवरच गोडे पाणी करतात. दुष्काळी मुलखातल्या माणसाला समुद्राचे काय, असे तुम्ही विचारता. मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला तुमच्याइतका योग्य प्रवासी त्या बोटीवर दुसरा नसेल. आणि समुद्र सोलापूरला अगदीच परका आहे असेही नाही. आपल्या गावी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले ते मुंबईहून बोटीनेच.

माणसांच्या सोबतीचा एक मोठा लाभ तुमच्याकडे जन्माने आहे. सोलापूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाच्या कानावर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी रोज पडते, आणि चाळीस वर्षे कामगारांत वावरलेल्या माणसाला या भाषांत चार वाक्ये बोलताही येतात. मुंबईच्या बोटीवर बेंगळुरूची, हैदराबादची कुटुंबे भेटतातच. रात्रीच्या जेवणाला मोठ्या टेबलावर अनोळखी मंडळींसोबत बसण्याची सोय असेल तर ती स्वीकारा. समुद्रावर माणसे घाईत नसतात. कोणाला उतरून जायचे नसते. तुम्हाला जी अडचण वाटते आहे, ती गप्पांच्या बाबतीत उपयोगाची ठरते.

आता वहिनींविषयी, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत कळकळीचे वाक्य त्यांच्याबद्दल आहे. त्यांच्यापासून ही भीती लपवू नका. चेहरा हसरा ठेवण्याचा चार दिवसांचा प्रयत्न कोणालाच जमत नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर तो त्यांच्यापासून लपणारही नाही. निघण्याआधीच एकदा बसून सांगा की मला असे असे वाटते, आणि मी त्यावर वहीचा हा उपाय ठरवला आहे. त्यानंतर दिवसातल्या दोन वेळा दोघांसाठी राखून ठेवा, पहाटेचा चहा आणि सूर्यास्त. बाकीच्या वेळेत त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे हिंडू द्या. इतक्या वर्षांत प्रथमच चार दिवस त्यांना ‘आज जेवायला काय करायचे’ हा प्रश्न पडणार नाही. त्यांना मुलीबरोबर नाच शिकायला जावेसे वाटेल, नुसते खुर्चीत पडून राहावेसे वाटेल, दोन्ही होऊ द्या. आपले मन रमवण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडली नाही, एवढी काळजी तुम्ही घेतलीत तरी त्यांच्या आनंदाला धक्का लागणार नाही.

कारखान्यातून फोन येत राहतील, ही अपेक्षा मनातून काढून टाका. किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मोबाइलचे नेटवर्क जाते, आणि बोटीवरच्या उपग्रह सेवेशी फोन चुकून जोडला गेला तर फार मोठे बिल येऊ शकते. म्हणून निघतानाच फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. वाय-फाय विकत मिळते, पण ते महाग आणि संथ असते. मुलाला सांगून ठेवा की तातडीचे असेल तरच बोटीच्या कार्यालयामार्फत कळव. सकाळी नऊनंतरची जी पोकळी तुम्हाला घरी छळते, ती इथेही येईल. तिच्यासाठी वहीचा दुसरा भाग राखून ठेवा. पहिला माग कोणाकडून घेतला, पहिली मोठी ऑर्डर कुठून आली, सूत महागले तेव्हा कारखाना कसा तगवला, हे नातवासाठी रोज दोन पाने लिहा. सोलापुरात बसून हे लिहायला घेतलेत तर कोणीतरी भेटायला येईल आणि ते राहून जाईल.

अगत्तीच्या दिवसाची मला चिंता वाटत नाही. तो दिवस स्वतःच भरलेला असतो. लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो. त्याची व्यवस्था बहुधा कंपनीच करते, तरी जावयांना विचारून खात्री करून घ्या. मोठी बोट खाजणाबाहेर थांबते आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. चढता-उतरताना खलाशाने हात पुढे केला की तो धरा, लाइफ जॅकेट शेवटपर्यंत काढू नका. पोहता येत नसले तरी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि मासे पाहता येतात. प्रवाळाचा तुकडा नातवाने उचलला तर तो तिथेच ठेवायला सांगा. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो आणायला बंदी आहे. लाटा मोठ्या असतील तर छोट्या बोटी सोडत नाहीत आणि उतरणे रद्द होते. तशी वेळ आली तर बाकीचे प्रवासी फार हिरमुसतील. तुमच्याकडे वही असेल, आणि त्या दिवशी ब्यूफर्टचा आकडा बऱ्यापैकी मोठा असेल.

बोट सुटण्याच्या सुमारास आपत्कालीन सराव होतो. सात लहान आणि एक लांब भोंगा, हा त्याचा संकेत. सगळ्यांना हजर राहावे लागते. तिथे आपली जीवनरक्षक नौका कोणती आणि तिथवर जायचा जिना कोणता, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

परतीच्या आदल्या रात्री मोठे सामान बहुधा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. वही, औषधे, ओळखपत्रे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत राहू द्या. सकाळी उतरण्यासाठी गटागटाने बोलावतात आणि त्यात दोन-तीन तास सहज जातात. लोक या वेळी जिन्यांत ताटकळत बसून वैतागतात. तुम्ही त्याआधीच, बोट बंदराकडे येत असतानाच, डेकवर जा, कारण पायलट पुन्हा शिडीने वर चढताना दिसेल तो याच सकाळी. सोलापूरची गाडी मात्र दुपारच्या आतली काढू नका. बंदरात यायला उशीर झाला तर धावपळ होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बॅलार्ड पिअरहून जवळ आहे, तेव्हा दुपारनंतरची वंदे भारत किंवा रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची पडेल. तिकिटे आताच काढून ठेवा, फेब्रुवारीत ती लवकर भरतात.